कोपरभर खोल

सुकती लागली आहे. मालवणच्या धक्क्यावरून आलेली होडी तुम्हाला सिंधुदुर्गाच्या दरवाज्याशी सोडून परत गेली, त्याला दोन तास झाले. आता तुम्ही तटाच्या आतल्या बाजूला, दगडाच्या गार सावलीत उकिडवे बसला आहात. हातात बोटभर रुंदीची छिन्नी आणि हलकी हातोडी. समोर दोन दगडांमधली एक दरज. तिच्यात पूर्वी कुणीतरी सिमेंट भरलेलं आहे, ते काढायचं आहे.

"हळू. दगडाक लागाक नये," मेस्त्री मागून म्हणतात.

ते पुढे येतात, हातोडीच्या दांड्यानं सिमेंटच्या पट्टीवर टकटक करतात आणि कान लावतात. तुम्हीही लावता. भरीव दगडाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, रिकाम्या डब्यासारखा. पट्टी वरून धडधाकट आहे. तिच्या आणि दगडाच्या मध्ये मात्र केसाएवढी फट आहे आणि त्या फटीतून कितीतरी पावसाळ्यांचं पाणी आत गेलेलं आहे. जायला वाट होती, यायला नव्हती. आत कोंडलेल्या पाण्यानं जुना चुना भिजवला, भुसभुशीत केला, थोडा थोडा करून धुऊन नेला. छिन्नीचा एक घाव कडेला बसतो आणि वीतभर लांबीची पट्टी अख्खीच्या अख्खी तुमच्या मांडीवर पडते. तिच्या मागे काळोख आहे, आणि ओल्या मातीचा, समुद्राचा वास.

"घाला हात," मेस्त्री म्हणतात. "किती खोल गेला ता बघूक व्हया."

तुम्ही बोटं आत सरकवता.

पहिल्या पेरापर्यंत जातात तोच पाठीवर ऊन येतं. मे महिना आहे, एकोणीसशे साठच्या दशकातला. होडीतून कागदी पोती उतरत आहेत, एकेक पोतं डोक्यावर घेऊन माणसं वाळूतून चालली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह आहे, आणि तो खरा आहे. तिकडे घाटावर कोयनेचं धरण उभं राहतंय, गावोगावी पूल होताहेत. ही राखाडी भुकटी पाण्यात कालवली की रात्रीत दगड होते, हे या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चुना कुजवायचा, मळायचा, आठवडाभर भिजवत बसायचं, एवढा वेळ आता कुणाजवळ आहे? घमेल्यात माल कालवणारा तरुण गवंडी तुमच्याकडे बघून हसतो आणि दरजेवरून थापी फिरवत म्हणतो, "आता शंभर वर्सां हेच्याकडे बघूक नको."

या वाक्यापाशी जरा थांबा. त्या तरुणाला दोष द्यायचं कारण नाही. त्याच्या हाताला कसब आहे, मनात गडाबद्दल माया आहे. चूक आहे ती त्या वचनात. पुन्हा बघावं लागणार नाही, असं वचन चुन्यानं कधीच कुणाला दिलं नव्हतं.

तट स्थिर दिसतो, पण स्थिर नसतो. दुपारी तापून किंचित फुगतो, रात्री आवळतो. लाट आपटते तेव्हा फटीतली हवा दाबली जाते आणि ती आतून दगडाला बाहेर ढकलते. पिंपळाचं मूळ तर सुईसारखं शिरतं आणि पहारीसारखं जाडावतं. या सगळ्या हालचालीला जागा द्यायची ती दरजेनं. म्हणून दरजेतला माल दगडापेक्षा मऊ हवा. ताण आला की झिजायचं, चिरायचं ते चुन्यानं, आणि दगड शाबूत राहायचा. शिवाय चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. भिंतीत पाणी शिरणारच. समुद्रात उभ्या असलेल्या तटात तर शिरणारच शिरणार. ते परत कसं जाईल, एवढाच प्रश्न असतो. चुना ती वाट उघडी ठेवतो. सिमेंट ती बुजवतं आणि वरून स्वतःचे क्षारही सोडतं. पाणी मग नाइलाजानं दगडातून वाट काढतं, क्षार दगडाच्याच पापुद्र्याखाली साचून स्फटिक होतात, फुगतात आणि पापुद्रा उचलतात.

कोकणातला जांभा हे फार सोसतो. सच्छिद्र दगड, खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर टणक होणारा. जांभ्याच्या जुन्या विहिरीला किंवा देवळाच्या जोत्याला सिमेंटच्या दरजा भरलेल्या कधी बारकाईनं पाहा. सिमेंटची जाळी तशीच उभी असते आणि तिच्या चौकटीतला दगड आत आत झिजत गेलेला असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं ते. मालवणहून खाली गोव्यात जा. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस हे चर्च १६०५ मध्ये पूर्ण झालं. जांभ्याचं बांधकाम आणि वरून चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात दगड उघडा दिसावा म्हणून तो गिलावा काढून टाकला गेला. आज लोक त्या लालसर भिंतींचे फोटो काढतात, आणि पाऊस दरवर्षी त्या भिंती थोड्या थोड्या खातो. साडेतीनशे वर्षं गिलाव्यानं तो मारा स्वतःच्या अंगावर घेतला होता. चुन्याचं काम हेच असतं.

बोटं आणखी आत जातात. मनगटापर्यंत.

इथे माल वेगळा लागतो. भरड, कौलांचे लालसर तुकडे मिसळलेला. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि लवकरच करवीरकरांना परत केला. त्या धामधुमीनंतरचा एक उन्हाळा आहे. एक म्हातारा गवंडी पाऊस यायच्या आत हातातली ओळ संपवायच्या घाईत आहे. तो तुमच्याकडे बघत नाही. चुन्याच्या पाटीकडे, आभाळाकडे, पुन्हा पाटीकडे बघतो. त्याच्या आजोबांच्या वेळी भरलेली दरज तो उकरतो आहे आणि त्याला त्यात वावगं काही वाटत नाही. घर शाकारतात, होडीला तेल पाजतात, तशी दरज भरतात. तुम्ही तिथे रेंगाळत नाही.

कोपरापर्यंत हात जातो आणि पाऊल वाळूत पडतं.

समोर तोच समुद्र. पण बेटावरचा तट अजून पुरा झालेला नाही. मधे मधे खिंडी आहेत आणि त्यांतून पलीकडचं पाणी दिसतं. हे कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन काम सुरू झालं. आज १६६६ चा चैत्र. मधल्या काळात पुरंदरचा तह झाला आहे, तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आहेत. शिवाजी राजे आग्र्याच्या वाटेवर आहेत. इथे कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नाही. पण पाटी खाली ठेवताना प्रत्येकाची नजर एकदा घाटाच्या दिशेनं जाते.

"खंयसून इलात?" भट्टीवरची बाई विचारते. उत्तराची वाट न बघता ती तुमच्या हातात टोपली देते.

टोपलीत शिंपले आहेत. तिसऱ्या, कालवं, खुबे. देशावर चुना करायचा तर नदी-ओढ्याच्या काठचे कंकर वेचावे लागतात, कारण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चुनखडीचे डोंगर नाहीत. कोकणात समुद्रच चुना देतो. भट्टीत लाकडाचा एक थर, शिंपल्यांचा एक थर, पुन्हा लाकूड, पुन्हा शिंपले. रात्रभर, दिवसभर जाळ. आतली धग नऊशे अंशांवर गेली पाहिजे, पण ते मोजायला इथे कसलंही यंत्र नाही. आहेत ते या बाईचे डोळे. ती जाळाच्या रंगावरून सांगते, आणि चुकत नाही.

भट्टी निवल्यावर ती एक शिंपला काठीनं बाहेर ओढते. तुम्ही निरखून बघता. आकार तसाच आहे, कडेच्या बारीक रेघासुद्धा तशाच. पण वजन निम्म्याच्या जवळ आलं आहे. शंभर शेर शिंपले जाळले तर छप्पन्न शेर उरतात. बाकीचे चव्वेचाळीस शेर वायू होऊन आभाळात गेले. शिंपल्याचा जीवच म्हणा ना. उरली ती कळी. घामेजल्या हातानं तिला शिवायचं नाही, कातडी भाजते.

"आता बघा," ती म्हणते आणि कळीच्या ढिगावर घागर ओतते.

क्षणभर काही होत नाही. मग एक शिंपला तडकतो. मग दहा. मग सगळा ढीग फुसफुसायला लागतो, वाफ उसळते, जमिनीतून कुणी फुंकर घालतंय असे पांढरे फुगे येतात. चुलीवर नसलेलं पाणी खदखदताना तुम्ही पहिल्यांदाच बघता आणि नकळत दोन पावलं मागे सरता. शिंपल्यांचा आकार तुमच्या डोळ्यांदेखत विरून जातो. म्हणूनच याला चुना विरवणं म्हणतात.

आणि ते पाणी गोडं आहे. तुम्ही ओठावर आलेला शिंतोडा चाखून बघता. चारी बाजूंना खारा समुद्र असलेल्या या बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूध बाव, दही बाव, साखर बाव. बेट निवडताना पाणी बघितलं गेलं ते शिबंदीच्या तहानेसाठी, असंच आपण वाचतो. पण चुन्यालाही तहान असते आणि त्याला खारं पाणी चालत नाही. खाऱ्या पाण्यात कालवलेला माल कायम ओल धरतो, त्यातले क्षार फुलतात आणि भिंत सोलतात.

विरवलेला चुना चाळून खड्ड्यात सोडतात. वर चार बोटं पाणी उभं करतात, म्हणजे हवा लागणार नाही. मग फळ्या. भट्टीवाली बाई फळीवर हात ठेवते. "चुनो निजलो आसा. तेका उठवू नकात."

पाऊस येतो. फळीवर सरी आपटतात, तटाच्या अर्धवट खिंडीतून लाटा आत घुसतात, काम थांबतं. मे महिन्यात राजे आग्र्याच्या दरबारात उभे राहिले आणि मग नजरकैदेत पडले. ऑगस्टमध्ये ते निसटले. ही बातमी किनाऱ्यावर कशी, कोणत्या दिवशी पोचली असेल, कोण पहिल्यांदा हसलं असेल, तुम्ही खड्ड्यापाशी उभे राहून ऐकायचा प्रयत्न करता. खाली चुना शांत आहे. पाण्याखाली त्याचे कण बारीक बारीक होत आहेत. घाईचा चुना कच्चा राहतो. त्यात न विरलेले खडे असतात, ते भिंतीत गेल्यावर ओल लागून फुगतात आणि गिलाव्याला फोड आणतात. जितका निजेल तितका चिकट.

फळ्या निघतात तेव्हा हवेत गारवा आहे. खड्ड्यातला चुना लोण्यासारखा झालेला आहे. फावडं बुडतं आणि चकाकती पाठ घेऊन वर येतं.

आता घाणा. सह्याद्रीच्या कितीतरी गडांवर तुम्ही तो पाहिला असेल. जमिनीत दगडी गोल चर आणि जवळच निवांत पडलेलं दगडाचं चाक, ज्याच्यावर बसून पोरं फोटो काढतात. इथे ते चाक फिरतं आहे. मधल्या खुंटाला आडवी लाकडी दांडी, दांडीला बैल, चरात चुना आणि धुतलेली वाळू, एका पाटीला दोन-तीन पाट्या. चाक फिरतं तेव्हा आधी खरखर ऐकू येते, मग चरचर, मग नुसता ओला, दबलेला आवाज. तो ऐकला की बैलांमागचा माणूस मान हलवतो. पाणी वाढवून माल मऊ करणं सोपं असतं, पण जास्तीचं पाणी उडून गेलं की भिंतीत चिरा राहतात. म्हणून इथे पाणी बेतानं आणि मळणं फार.

बाजूला दोन बायका फुटकी कौलं आणि विटा कुटताहेत. ही सुरखी. शिंपल्याचा चुना शुद्ध, आणि म्हणूनच त्याची एक अडचण आहे. तो हवेनं घट्ट होतो. जिथे पाणी हटतच नाही तिथे त्याला हवा कुठून मिळणार? भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी मिळते आणि माल ओलीतही धरायला लागतो. मडक्यात हिरडा भिजत घातला आहे, दुसऱ्यात गूळ. गुळाच्या पाण्यानं चुना पाण्यात जास्त विरघळतो, माल मऊसूत होतो, सावकाश धरतो. कुणी बेलफळाचा गर घालतं, कुणी उडदाचं पीठ, गिलाव्यात ताग. प्रत्येक मेस्त्रीचं माप वेगळं आणि ते त्याच्या घरातलं. या जिनसांचं आज फार कौतुक होतं, जणू सगळी जादू गुळात होती. तसं नाही. जादू म्हणायचीच तर ती निजण्यात आणि मळण्यात होती. गूळ दुकानात मिळतो, सहा महिने मिळत नाहीत.

मेस्त्री थापीवर मालाचा गोळा घेतो आणि थापी उलटी करतो. गोळा पडत नाही. तो थापी तुमच्या हातात देतो.

सुकती आहे तोवर खालच्या रांगा बांधायच्या. पायाच्या दगडांत शिशाचा रस ओतल्याचं बखरीत सांगितलं आहे. वरचं काम चुन्याचं. तट बारा फुटांच्या आसपास जाड आहे. बाहेरून एक भिंत, आतून एक, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चुना. बाहेरून दिसतो तो दगड, तट धरून ठेवतो तो हा न दिसणारा गाभा. तुम्ही एका दरजेत माल भरता, तो मागे जात नाही म्हणून बोटांनी रेटता, मग अख्खा हात घालता, कोपरापर्यंत. आत ओला, गार चुना तुमच्या बोटांभोवती मिटतो. भरती पायाला लागते. मेस्त्री ओरडतो. तुम्ही हात काढून घेता.

तट पुरा होतो १६६७ मध्ये. दरवाज्याजवळ चुन्याची एक लादी घोटून ठेवलेली आहे. मेस्त्री तिच्यावर अंगठा टेकवून बघतो. चुना ओला असतो तेव्हा ठसा भरून येतो, वाळल्यावर उमटत नाही. मधे थोडाच वेळ असा असतो जेव्हा तो आकार घेतोही आणि धरूनही ठेवतो. ती वेळ मेस्त्रीच्या अंगठ्याला कळते. तो उठून उभा राहतो. सगळे मागे सरतात. तुम्हीही मान खाली घालता, कारण सगळ्यांनी घातली आहे. मान वर करता तेव्हा गर्दी पांगलेली असते आणि लादीवर एक हात उमटलेला असतो. दुसऱ्या लादीवर पाऊल.

महाराजांचे म्हणून पिढ्यान् पिढ्या जपलेले ते ठसे आज दरवाज्याजवळच्या घुमट्यांत आहेत. लोक त्यांच्यासमोर पायातलं काढतात, हात जोडतात. मला तिथे दर वेळी आणखी एक गोष्ट आठवते. भट्टीत शिंपल्यातून जो वायू निघून गेला होता, तोच चुना हवेतून हळूहळू परत घेतो. आधी कातडीवर, मग आत, वर्षानुवर्षं. आणि पुरा घेतला की तो रसायनशास्त्राच्या हिशेबानं पुन्हा तोच पदार्थ होतो जो शिंपल्यात होता. समुद्रातल्या जिवानं अंगाभोवती जे कवच बांधलं, तेच माणसांनी जाळलं, विरवलं, मळलं आणि एका तळव्याभोवती पुन्हा बांधलं.

"किती गेलो?" मेस्त्री विचारताहेत.

तुमचा हात दरजेत आहे, कोपरापर्यंत. आतल्या टोकाशी, जिथे सिमेंटमागचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे बोटांना अजून टणक चुना लागतो. त्यात चार उथळ खाचा आहेत, बोटं रेटल्यासारख्या. तुमची बोटं त्यांत बसतात. तुम्ही काही बोलत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतला हा एक. त्याचा आनंद तुम्हाला आहेच, मेस्त्रींनाही आहे. पण या घटकेला काम आहे ते या एका हातभर पोकळीचं. आधी ब्रशनं सगळी माती, मुळं, भुसा काढायचा. मग गोड्या पाण्यानं आतपर्यंत धुवायचं, दगड पिऊन तृप्त होईपर्यंत. कोरडा दगड ओल्या चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि मग माल धरायच्या आधीच मरतो. भरायचं ते मागून पुढे, थर थर देत, मोठ्या पोकळीत दगडाच्या चिपा ठोकत. जुन्या मालाचा एक तुकडा प्रयोगशाळेत जाऊन आला आहे. तिथे आम्लात चुना विरघळवून उरलेली वाळू आणि सुरखी मोजली गेली, त्यांच्या बेतानंच हा नवा माल मळला आहे. मेस्त्रींनी खड्डा गेल्या वर्षी भरून ठेवला होता.

"दगडावर सारवू नकात. दरजेतच ऱ्हवांदे," ते म्हणतात.

तुम्ही शेवटचा थर अंगठ्यानं दाबता, दगडाच्या तोंडापेक्षा जरासा आत. सिमेंटची पट्टी दहा मिनिटांत गुळगुळीत झाली असती. इथे अर्धा दिवस गेला आणि एक हात लांबीची दरज भरली आहे. तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. तुम्ही नजरेनं तो मोजायला लागता आणि मेस्त्री ते ओळखतात, पण काही म्हणत नाहीत. ओलं गोणपाट दरजेवर टांगतात, वारा उडवू नये म्हणून वर दोन दगड ठेवतात.

"सात दिस ओलो ठेवूक व्हयो."

शेवटची होडी धक्क्याकडे निघायची वेळ झाली आहे. उद्या तुम्ही इथे नसाल, परवा मेस्त्रीही दुसऱ्या बुरुजावर असतील. मग ही दरज ओली कोण ठेवणार, तुम्ही विचारता. मेस्त्री गडाच्या आत, माडांच्या दिशेनं हात करतात. किल्ल्यात अजून काही घरं नांदती आहेत. पायवाटेनं एक बाई येते आहे, कमरेवर कळशी. ती दरजेपाशी थांबते, गोणपाट किंचित उचलून आत बघते, परत सोडते, आणि ओंजळीनं पाणी मारायला लागते. वरून खाली, सावकाश. कळशी रिकामी झाल्यावर ती विहिरीकडे परत वळते.